चाक फिरते, गाडी हलत नाही : पिकअपला डिफरन्शिअल लॉक खरोखर लागते का?

१/
१९४२ च्या सुरुवातीच्या महिन्यांत उत्तर आफ्रिकेतील एका ब्रिटिश तुकडीने चारही चाकांना शक्ती मिळणारे आपले फोर्ड ट्रक बाजूला सारले आणि त्यांच्या जागी केवळ मागच्या दोन चाकांवर चालणारे शेव्हरोले ट्रक स्वीकारले. तुकडीचे नाव ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’. काम शत्रूच्या पिछाडीस शेकडो मैल सहारात शिरून टेहळणी करण्याचे. तेथे गाडी कायमची रुतली तर माणसांकडे उरते ते जवळचे पाणी आणि दोन पाय. तरीही त्यांनी हा वरकरणी उलटा निर्णय घेतला. आज पिकअप घेताना ‘डिफरन्शिअल लॉक हवेच का?’ असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी या निर्णयामागचे कारण समजून घ्यावे. त्यासाठी आधी थोडे मागे जावे लागेल. #थ्रेड

२/
बैलगाडीला डिफरन्शिअल लागत नाही. तिची दोन्ही चाके आसावर स्वतंत्रपणे फिरतात. वळणावर बाहेरचे चाक अधिक अंतर कापते, आतले कमी, आणि कोणाची कोणास अडचण होत नाही. अडचण सुरू झाली ती चाकांनाच गाडी ढकलण्याचे काम दिल्यावर. एकाच आसाला दोन्ही चाके घट्ट जोडली, तर वळताना एकाला घसटत जावे लागते.

यावर फ्रान्समधील घड्याळजी ओनेझिफोर पेकर याने १८२७-२८ च्या सुमारास आपल्या वाफेच्या गाडीसाठी दातेरी चाकांची एक जुळणी सिद्ध केली. पुढे १८७७ मध्ये इंग्लंडच्या जेम्स स्टार्लीने तीच कल्पना तीनचाकी सायकलीत वापरली, आणि कार्ल बेंझच्या १८८५-८६ च्या मोटारीतही ती होती. मोटारीचे पेटंट निघाले त्याच्या अर्धशतकाहून अधिक आधी तिच्या मागच्या आसाचा प्रश्न कागदावर सुटलेला होता.

३/
मात्र या युक्तीत एक खोट होती. साधे डिफरन्शिअल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते, पण फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, दोघांना सारखाच देते. ‘सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाकडे जाते’ असे सर्रास सांगितले जाते, ते अर्धसत्य आहे. समजा, डावे चाक निसरड्या शेवाळावर आहे आणि १०० न्यूटन-मीटर जोरातच ते गरगरू लागते. मग कोरड्या कातळावरच्या उजव्या चाकालाही तेवढेच १०० मिळतात; त्याची ८०० पेलण्याची ऐपत असली तरी! डावे चाक हवेत लटकले, तर दोघांच्या वाट्याला जवळजवळ शून्य. इंजिन कितीही बलवान असो, गाडी जागची हलत नाही.

४/
लॉक लावले की दोन्ही चाके एकाच आसाला जखडल्यासारखी सारख्या गतीने फिरतात, आणि जे चाक जोर पेलू शकते त्याच्याकडे तो जातो. म्हणजे पेकरने जे सोडवले होते, तेच तात्पुरते पुन्हा बांधून टाकायचे.

त्याची किंमतही जुनीच. वळताना टायर घासतात, गाडी सरळच जाऊ पाहते. सगळा जोर एकाच बाजूच्या शाफ्टवर आला तर तो पिळवटून तुटू शकतो. आणखी एक धोका आहे, ज्याची चर्चा फार कमी होते. आडव्या, ओल्या उतारावर साध्या डिफरन्शिअलमध्ये एक चाक गरगरले तरी दुसरे शांत राहून गाडीला आडवे धरून ठेवते. लॉक लावलेले असेल तर दोन्ही चाके एकदमच सुटतात, आणि गाडीचा मागचा भाग उताराच्या बाजूला सरकू लागतो.

५/
जखडणे आणि मोकळे सोडणे यांच्या मधला मार्ग शर्यतींतून आला. १९३० च्या दशकात फर्डिनांड पोर्शच्या ऑटो युनियन शर्यती गाडीत इतकी शक्ती होती की चांगल्या वेगातही मागचे एक चाक गरगरत राही. जर्मनीच्या ‘झेडएफ’ कंपनीने तिच्यासाठी मर्यादित घसरणीचे डिफरन्शिअल तयार केले. ते पूर्ण जखडत नाही. दोन चाकांच्या गतीत फार फरक पडू लागला की विरोध करते.

६/
लवकरच हेच यंत्र युद्धात उतरले, आणि इतिहासाने एक अनाहूत प्रयोग घडवला. एका बाजूला अमेरिकेची जीप : सुमारे ११०० किलो वजन, चारही चाकांना शक्ती, दोन गतींची ट्रान्स्फर केस, पण पुढचे आणि मागचे दोन्ही डिफरन्शिअल साधे. दुसऱ्या बाजूला जर्मनीची क्यूबेलवागन : सव्वासातशे किलोंच्या आसपास, शक्ती केवळ मागच्या चाकांना, परंतु त्या आसात झेडएफचे स्वयंलॉकिंग डिफरन्शिअल, चाकांजवळ गिअर देऊन उंचावलेले पोट आणि घसरत पुढे जाईल असा सपाट तळ.

एकाने चाके वाढवली, दुसऱ्याने दोनच चाकांतून शक्य तेवढे काढून घेतले. क्यूबेलवागन सुमारे ५० हजार बनल्या, जीप सहा लाखांहून अधिक. या आकड्यांवरून यंत्राचा निकाल लावणे मात्र चूक ठरेल. ते दोन देशांच्या कारखानदारीचे आकडे आहेत. जीपला लॉक नसणे खपून गेले, कारण ती हलकी होती आणि अडलीच तर तिच्यातली माणसे उतरून तिला ढकलू शकत. अवजड लष्करी ट्रकला अशी सोय नव्हती. त्याच काळात अमेरिकेत थॉर्नटन कंपनीचे ‘नोस्पिन’ नावाचे आपोआप जखडणारे डिफरन्शिअल लष्करी ट्रकांत बसू लागले. पुढे ‘डेट्रॉइट लॉकर’ या नावाने ते पिकअपवाल्यांत प्रसिद्ध झाले.

७/
आता पुन्हा सहाराकडे. या तुकडीचा संस्थापक राल्फ बॅग्नोल्ड १९२० च्या दशकापासून फोर्ड गाड्या घेऊन त्या वाळवंटात भटकत होता, आणि वारा वाळू कशी वाहून नेतो याचा शास्त्रीय अभ्यासही करत होता. ‘द फिजिक्स ऑफ ब्लोन सँड अँड डेझर्ट ड्यून्स’ हा त्याचा ग्रंथ १९४१ मध्ये, ऐन युद्धात प्रसिद्ध झाला आणि आजही त्या विषयातला मूलभूत ग्रंथ मानला जातो.

त्याच्या पद्धती साध्या होत्या. टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूवरचा दाब घटतो. रुतलेल्या चाकांखाली पोलादी पन्हळी घालायच्या. घट्ट वाळू कुठली आणि भुसभुशीत कुठली, हे ओळखायला चालकाच्या डोळ्यांना शिकवायचे.

चारही चाकांवर चालणारे फोर्ड ट्रक रुतण्यातून अधिक सहज बाहेर पडत, परंतु ते जड होते आणि त्यांची इंधनाची भूक फार मोठी होती. जेथे पेट्रोलचा प्रत्येक डबा स्वतःच वाहून न्यावा लागतो, तेथे ही भूक गाडीचा पल्ला खाते. कधीतरी रुतणे परवडते. अर्ध्या वाटेत टाकी कोरडी पडणे परवडत नाही. म्हणून शेव्हरोले.

८/
या उदाहरणात लॉकविषयीचा एक धडाही दडलेला आहे. मऊ वाळूत डावे आणि उजवे चाक जवळजवळ सारखेच बुडते. दोघांच्या पकडीत फरकच नसेल तर लॉक वाटणार काय? लॉक पकड निर्माण करत नाही. एका बाजूला असलेली पकड दुसऱ्या बाजूच्या दारिद्र्यामुळे वाया जाऊ नये, एवढेच त्याचे काम. वाळूत ते थोडे उपयोगी पडते, पण हवा न काढता केवळ लॉक लावून इंजिन ओरडायला लावणारा चालक दोन खड्ड्यांऐवजी चार सारखे खड्डे खणतो.

९/
याच्या अगदी उलट स्थिती नांगरटीत. ट्रॅक्टरचे एक चाक तासात, दुसरे न नांगरलेल्या जमिनीवर; दोघांवरचा भार वेगळा, पकडही वेगळी. म्हणून ट्रॅक्टरला डिफरन्शिअल लॉकचे पेडल असते. महाराष्ट्रातील पुष्कळ शेतकरी हे पेडल पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. चाक गरगरू लागले की दाबायचे, बांधाशी वळायच्या आधी सोडायचे. हौशी ऑफ-रोडिंगच्या शिबिरांत आज फी भरून शिकवली जाणारी ही शिस्त तिथे रोजच्या कामाचा भाग आहे.

महायुद्धानंतर जर्मनीत शेतीसाठीच जन्मलेल्या उनिमोगने ही ट्रॅक्टरची दृष्टी ट्रकमध्ये आणली. १९४८ पासून बनू लागलेल्या या वाहनात पुढे आणि मागे दोन्हीकडे लॉक होते.

१०/
पिकअपची गोष्ट थोडी निराळी. ती माल वाहण्यासाठी बनते. त्यामुळे मागे ताठ आस आणि कडक पाटे. रिकाम्या पिकअपचे वजन मुख्यतः पुढे असते, मागची चाके हलकी राहतात आणि ओल्या गवतावरही घसरतात. खडबडीत वाटेवर ते कडक पाटे पुरेसे लवत नाहीत, आणि मागचे एखादे चाक चटकन हवेत उठते. साध्या डिफरन्शिअलचे जे दुबळे ठिकाण, नेमके तेथेच पिकअपचे पाऊल पडते.

हे ओळखून अमेरिकेत १९७३ मध्ये जनरल मोटर्सच्या पिकअपसाठी ईटन कंपनीचे स्वयंचलित लॉक आले. दोन चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की ते जखडते. गाडी ताशी ३० किलोमीटरच्या थोडी पुढे गेली की जखडतच नाही. चालकाला कळ दाबावी लागत नाही. अर्थात चाक आधी गरगरल्याशिवाय ते जागे होत नाही, आणि निसरड्या कड्यावर ती क्षणभराची गरगरही महाग पडू शकते.

११/
कळ चालकाच्या हाती देण्याचा मार्ग ऑस्ट्रेलियाने लोकप्रिय केला. मेलबर्नच्या ‘एआरबी’ कंपनीने १९८७ मध्ये रॉबर्ट्स डिफ-लॉक विकत घेतले आणि ‘एअर लॉकर’ म्हणून जगभर नेले. दाबाखालच्या हवेने लॉक लागते. हवा सोडली की डिफरन्शिअल पुन्हा साधे. पुढे टोयोटाच्या लँड क्रूझरमध्ये विजेवर चालणारी लॉक आली आणि २००३ च्या जीप रँग्लर रुबिकॉनला दोन्ही आसांची लॉक कारखान्यातूनच मिळाली.

१२/
तोवर संगणकाने वेगळाच दावा मांडला होता. गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लावला की साधे डिफरन्शिअल तेवढाच जोर दुसऱ्या चाकाला देते. मग लॉक कशाला? या विश्वासावर लँड रोव्हरने १९९८ च्या डिस्कव्हरीच्या दुसऱ्या आवृत्तीत मधल्या डिफरन्शिअलच्या लॉकचा दांडाच काढून टाकला. (हे लॉक पुढच्या आणि मागच्या आसांना एकमेकांशी जखडते.) गंमत अशी की सुरुवातीच्या गाड्यांत आतली यंत्रणा शाबूत होती, अनेक मालकांनी स्वतःच दांडा बसवून घेतला. पुढे २००४ च्या मॉडेलला कंपनीने लॉक परत दिले. इलेक्ट्रॉनिक्स निरुपयोगी होते असा याचा अर्थ नव्हे. सततच्या चढावर ब्रेक तापतात, आणि ब्रेकही चाक गरगरल्यानंतरच हालचाल करतो, एवढीच त्याची मर्यादा.

१३/
भारतात हे दोन्ही प्रवाह आले. पुण्याच्या फोर्स मोटर्सने २०१३ च्या गुरखामध्ये पुढे आणि मागे चालकाच्या हातातली लॉक दिली. महिंद्राने २०१५ च्या थारमध्ये मागच्या आसाला ईटनच्या पद्धतीचे आपोआप लागणारे लॉक दिले. २०२२ मध्ये आलेल्या टोयोटा हायलक्स पिकअपमध्ये मागचे लॉक कळीवर आहे.

१४/
मग पिकअप घेणाऱ्याने काय करावे? आधी आपली वाट पाहावी. कच्चा पण सपाट रस्ता, शेतापर्यंतची वर्दळ, किनाऱ्यावरची वाळू एवढेच असेल, तर चांगले टायर, हवेचा गेज आणि छोटा कंप्रेसर यांवर केलेला खर्च लॉकपेक्षा अधिक फळ देतो. सह्याद्रीच्या पावसाळी चाकोऱ्या, ओढ्यांतले धोंडे, एक चाक उचलणारे खड्डे ही नेहमीची वाट असेल, तर मागचे लॉक चैन म्हणता येणार नाही. रिकाम्या हौद्याच्या पिकअपला तर मुळीच नाही. एकटी गाडी घेऊन जाणाऱ्याला ते अधिकच लागते, कारण ओढून काढायला मागे दुसरी गाडी नसते. कळीवरचे आणि आपोआप लागणारे यांत निवड असेल तर कळीवरचे घ्यावे. उतारावर ते कधी लागू नये, हे चालक ठरवू शकतो.

पुढचे लॉक सर्वांत शेवटी. ते लागले की स्टिअरिंग जड होते आणि गाडी वळणे जवळजवळ नाकारते. रुबिकॉनमध्ये लो रेंज टाकून मागचे लॉक लावल्यावरच पुढचे लागते, ते याचमुळे.