लोणारच्या काठचा खार

साखरखेर्डें हें नांव संशोधकांस परिचित आहे तें इ. स. १७२४ च्या लढाईमुळें. त्या वर्षीं ऑक्टोबरांत निजामुल्मुल्कानें मुबारिझखानास येथें रणांत मारिलें व गांवास फत्तेखेर्डा असें नांव दिलें. त्या लढाईविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. प्रस्तुत लेखाचा विषय ती नव्हे. साखरखेर्ड्याहून आग्नेयेच्या बाजूस लोणारास जाऊन तेथील तळ्याला पायीं फेरी घातली असतां एका निराळ्याच दफ्तराची आठवण होते. तें दफ्तर खाराचें. (साखरेच्या नांवाच्या गांवाहून लवणाच्या नांवाच्या गांवीं जावें, हा योगही मौजेचाच!)

उतरण धारेपाशीं आरंभते. तेथें गोमुखांतून गोडें पाणी अखंड पडत असतें आणि खालीं तळ्यांत खारें पाणी. आंतल्या उतारावर झाडी दाट आहे; मोरांचा केकारव सतत कानीं येतो. हा सुमारें १८०० मीटर व्यासाचा खळगा उल्केच्या आघातानें झाला, हें १९७३ सालीं भूशास्त्रज्ञांनीं सप्रमाण दाखविलें. माहात्म्यकारांनीं तेथें लवणासुराचा वध पाहिला आणि गांवांतील दैत्यसूदनाच्या देवळानें ती कथा दगडांत धरून ठेविली. आम्हां पोथीवाल्यांची दृष्टि एवढ्यावरच थांबते, हें आमचें वैगुण्य होय.

अबुल फझलाची दृष्टि अधिक व्यवहारी. आईन-इ-अकबरींत वऱ्हाडच्या वर्णनांत तो लोणारास ब्राह्मण विष्णुगया म्हणतात हें सांगतो. पण त्याच ओघांत कांच व साबू करण्यास लागणारीं द्रव्यें येथें मिळतात आणि सोऱ्यावरील करापासून सरकारास चांगलें उत्पन्न होतें, हेंही नोंदवितो. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा कांठ तीर्थाइतकाच कारखानाही होता.

काम असें चाले. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे कांठावर खार धरे. तो गोळा करीत, कांहीं पाण्यांत शिरून तळाशीं असलेला काढीत, व वाळवून बाहेर पाठवीत. त्याच्या जातींस दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशीं नांवें होतीं. पापडी व भुसकी या नांवांचा अर्थ ऐकतांच कळतो. खुप्पलाची व्युत्पत्ति मला अद्याप साधलेली नाहीं. वैद्यकग्रंथांत सर्जिकाक्षार म्हटला आहे त्याच जातीचें हें द्रव्य. परंतु हे शब्द संस्कृतांतून उतरलेले दिसत नाहींत. ते उन्हांत गुडघाभर चिखलांत उभें राहणाऱ्यांनीं केलेले आहेत.

या प्रदेशानें लेखनास कांहीं दिलें नाहीं असें नव्हे. लीळाचरित्रांत यादव राजा कान्हरदेव चक्रधरांस भेटला तो लोणारासच, आणि म्हाइंभटानें तो प्रसंग बोलत्या मराठींत टिपून ठेविला. साखरखेर्ड्याच्या टापूंतील शेंदुर्जन हें कवि ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांचें जन्मग्राम. मेहकरास वकिली करीत त्यांनीं कविता लिहिली. खाराच्या शब्दांस मात्र म्हाइंभटही लाभला नाहीं आणि कविही नाहीं. तो धंदा आतां संपला आहे. २००० सालीं हा परिसर अभयारण्य ठरला. २०२० च्या जूनमध्यें पाणी गुलाबी झालें तेव्हां पाहावयास माणसांची रीघ लागली, पण खुप्पल म्हणजे काय हें सांगणारा मला त्यांत कोणी भेटला नाहीं.

येथें स्वतःची एक चूक सांगणें प्राप्त आहे. शिक्षकी नुकतीच धरली होती त्या काळीं मेहकराकडील एका घरांतून मीं माहात्म्याची एक पोथी मिळविली. तिच्या वेष्टणास आंतून जुन्या वहीचीं मोडी पानें चिकटविलेलीं होतीं. कीड लागलेली म्हणून तीं मीं सोलून टाकिलीं. त्यांवर दल्ला व पापडी हे शब्द आणि पुढें मणांचे आंकडे होते, एवढेंच आज स्मरतें. साल पाहिलें नाहीं. पोथी पुढें तपासली. तिच्या पाठाच्या याहून चांगल्या प्रती इतरत्र आहेतच.

मेहकर, सिंदखेड व लोणार या बाजूच्या पोथ्या ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं पुठ्ठे व वेष्टणें एकदां सांभाळून उलगडून पाहावीं, आणि खाराचा एखादा आंकडा निघाल्यास त्याची नक्कल मंडळाकडे पाठवावी, ही विनंति.