रिक्सियाच्या चित्राची कुळकथा

मुंबई विद्यापीठात वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला बसलेल्या अनेक पिढ्यांनी एक चित्र काढलेलं आहे: रिक्सियाच्या थॅलसचा, म्हणजे सपाट देहाचा, आडवा छेद. मोहने-आंबिवलीतून कल्याणच्या बिर्ला कॉलेजात वनस्पतिशास्त्राला जाणाऱ्या मुलांच्या जर्नलातही ते येतंच. वरच्या बाजूला हिरव्या पेशींच्या उभ्या रांगा, रांगांमध्ये हवेच्या अरुंद फटी, खाली अन्न साठवणाऱ्या बिनरंगी पेशी आणि तळाला मुळांचं काम करणारे तंतू. पेन्सिलीने काढायचं, शेडिंग करायचं नाही, नावं उजवीकडे लिहायची, सही घ्यायची आणि परीक्षा झाली की रद्दीत. या चित्राला कोणी कला म्हणत नाही. माझं म्हणणं असं, की यकृतकांच्या बाबतीत खरी वनस्पतिचित्रकला हीच आहे, आणि हिचं कूळ फुलांच्या रंगीत तक्त्यांपेक्षा वेगळं आहे.

आधी वनस्पतीकडे पाहू. यकृतका म्हणजे लिव्हरवर्ट; रिक्सिया त्यातलीच एक. आपण सरसकट शेवाळ म्हणून जे खरवडून टाकतो त्यात मॉस असतं, खरं शेवाळ असतं आणि या यकृतकाही असतात. जगात त्यांच्या सात हजारांहून जास्त जाती आहेत. कोकणपट्टीत पाऊस स्थिरावला की रिक्सिया उघड्या ओलसर मातीवर येते. उल्हास नदीकाठच्या मोहन्यासारख्या गावात तिला शोधायला घाट चढायची गरज नाही. रुपयाच्या नाण्याएवढी हिरवी चकती, मधून बाहेर दोन-दोन फाटे फुटत गेलेली, प्रत्येक फाट्याच्या मध्यावर एक पन्हळ. पाऊस ओसरला की कडा आत वळतात, कित्येक जातींत खालचे जांभळट खवले वर दिसू लागतात आणि चकती मातीच्या रंगात हरवते. पाण्याचा शिडकावा झाला की त्यातली काही पुन्हा उलगडतात. सायथोडियम याच्या उलट, सावलीतलं. विहिरीच्या आतल्या कडा, कपारी, दमट भिंती इथे ते पिवळसर हिरवं चकाकतं. त्याचा देह इतका पातळ, की वर-खाली पेशींचा एकेक थर आणि मध्ये हवेच्या खोल्या, एवढाच मामला. मार्कंशियावर छत्र्या उभ्या राहतात आणि पाठीवर इवल्या प्याल्या असतात. प्यालीतल्या हिरव्या टिकल्या पावसाच्या थेंबाने उडून दूर पडतात आणि तिथे रुजतात. हे सगळं सुंदर आहे, पण उभ्याने दिसत नाही. गुडघे टेकावे लागतात, भिंग लागतं, आणि छेद घ्यायचा तर ब्लेड लागतं.

म्हणूनच या चित्राचा इतिहास डोळ्यांच्या हौसेतून सुरू झाला नाही. युरोपातल्या जुन्या वैद्यकाने या वनस्पतीकडे पाहिलं ते तिचे खंड यकृतासारखे दिसतात म्हणून. आकार ज्या अवयवाचा, औषध त्या अवयवाचं, असा तो हिशेब. नाव तिथून आलं, औषध काही निघालं नाही. 1713 मध्ये झाँ मार्शां याने आपल्या वनस्पतिशास्त्रज्ञ वडिलांच्या, निकोला मार्शां यांच्या स्मरणार्थ मार्कंशिया हे नाव दिलं. 1729 मध्ये फ्लॉरेन्सच्या पिएर आंतोनिओ मिकेली याने वनस्पतींच्या नव्या प्रजातींवरचा ग्रंथ छापला. रिक्सिया हे नाव त्यातलंच, रिच्ची नावाच्या एका सिनेटरच्या सन्मानार्थ ठेवलेलं. मिकेली गरीब घरातला, स्वतःच शिकलेला. चित्रं छापायच्या तांब्याच्या पत्र्यांचा खर्च त्याने वर्गणीदारांकडून उभा केला. (आपल्याकडच्या मंडळांना हा मार्ग नवा नाही.) पुढे 1830 च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ मिर्बेल याने मार्कंशियाच्या टिकल्या वाढवून पाहिल्या आणि कोणती बाजू वर जाईल हे टिकलीत आधी ठरलेलं नसतं, हे दाखवलं. 1851 मध्ये लाइपझिगच्या विल्हेल्म होफमाइस्टर याने मॉस, यकृतका आणि नेचे यांच्या जीवनचक्रातला समान धागा, म्हणजे दोन पिढ्यांची आलटापालट, उलगडून दाखवला. हाही स्वतःच शिकलेला. घरचा व्यवसाय संगीताच्या पुस्तकांचा. या माणसांची चित्रं शोभेसाठी नव्हती. ‘हे कसं वाढतं?’ असा प्रश्न पडला आणि त्याचं उत्तर शब्दांत मावेना, म्हणून रेषा आली.

आता आपल्याकडच्या रंगीत परंपरेशी तुलना करा. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेत तिचा अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन याने 1847 ते 1850 च्या दरम्यान एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून पावणेदोनशेच्या आसपास चित्रं करून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत. चित्रं देखणी आहेत, चित्रकाराचं नाव मात्र आपल्यापर्यंत आलेलं नाही. त्यांचा विषय मुख्यत्वे बागेत वाढणारी फुलझाडं. यात दोष नाही. औषधी आणि उपयोगी झाडं लावणारी बाग जे लावेल तेच चितारून घेईल. पण फूल नसलेल्या, विकत न जाणाऱ्या आणि कुंडीत न लावल्या जाणाऱ्या वनस्पतीला आश्रयदाता मिळत नाही, हे त्यावरून कळतं. यकृतकांना आश्रय मिळाला तो प्रयोगशाळेत.

भारतात हा आश्रय मोठा केला वनस्पतिशास्त्रज्ञ शिवराम कश्यप यांनी. लाहोरला राहून त्यांनी पश्चिम हिमालय आणि पंजाबच्या यकृतकांवर दोन भागांचा ग्रंथ लिहिला, 1929 आणि 1932 चा. त्याआधी 1919 मध्ये त्यांनी एक उलटा विचार मांडला होता. रिक्सिया साधी आहे म्हणजे ती आद्य आहे, असं अनेक जण धरून चालले होते. कश्यप म्हणाले, हे साधेपण मागाहून आलेलं आहे. गुंतागुंतीच्या पूर्वजांनी एकेक अवयव सोडत इथवर उतरण केली. त्यांचा पुरावा काय? हवेच्या खोल्या, त्यांवरची भोकं, छत्रीचा देठ हे जातीगणिक कसे कमी होत जातात, याची निरीक्षणं आणि रेखाचित्रं. आज डीएनएवरून आखलेल्या वंशवृक्षातही रिक्सिया बुडाशी नाही, गुंतागुंतीच्या यकृतकांच्या मध्येच एका फांदीवर बसते. पुढे पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झालेले त्र्यं. शं. महाबळे यांनी 1940 च्या दशकात रिक्सिया आणि फिंब्रिएरिया या यकृतकांवर काम केलं. त्याआधी, 1937 मध्ये, ए. आर. चव्हाण यांनी बडोद्याहून सायथोडियमची नवी जात नोंदवली. तिच्या नावातच बडोदा आहे.

अशा कामाचं हत्यार म्हणजे कॅमेरा ल्युसिडा. सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रभिंगावर बसणारा एक प्रिझम. त्यातून पाहताना पेशी आणि शेजारच्या कागदावरचं पेन्सिलीचं टोक एकाच वेळी दिसतं. इथे पहिला आक्षेप येतो: हे तर गिरवणं झालं, यात कला कुठली? पण प्रिझम फक्त प्रमाण राखतो. छेदात शेकडो भिंती एकावर एक दिसतात. त्यातली कोणती घ्यायची, कोणती पुसट म्हणून सोडायची, कुठे रेघ तोडायची, हे हात ठरवतो. जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेलचा 1904 मध्ये ग्रंथरूपाने पुरा झालेला प्रसिद्ध चित्रसंग्रह याच्या विरुद्ध टोकाला आहे. त्याचा 82 क्रमांकाचा तक्ता यकृतकांचा. लिथोग्राफर आडोल्फ गिल्च. मार्कंशियाच्या छत्र्या त्यात झुंबरासारख्या सजल्या आहेत. हेकेल निसर्गाला आहे त्याहून जास्त सममित करतो, ही टीका मला पटते. तरी त्या तक्त्यामुळे लोकांनी यकृतकांकडे पाहिलं, हेही खरं. सजावटीने नजर वळते. समज येते ती साध्या रेघेतून.

दुसरा आक्षेप छायाचित्राचा. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर क्लिप-भिंग लावून आज कोणीही रिक्सियाचा सुरेख फोटो काढू शकतो. जरूर काढावा. पण फोटोत एकच नमुना आणि एकच क्षण येतो; जातीचं लक्षण कोणतं आणि त्या एका रोपाची खोड कोणती, हे तो सांगत नाही. बीजाणूंवरची जाळीदार नक्षी ही रिक्सियाची जात ठरवण्याची एक मुख्य खूण. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक ती अप्रतिम दाखवतो, पण तो तालुक्याच्या कॉलेजात मिळत नाही, पेन्सिल मिळते.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे आणि तो जर्नल लिहिणारा प्रत्येक जण जाणतो: ही चित्रं पाहून काढलेली नसतात, सीनियरच्या जर्नलातून उतरवलेली असतात. शेजारी सफ्रानिन या रंगाने लाल झालेली कायमची स्लाइड ठेवलेली असते आणि मुलगी पाठ्यपुस्तकातली आकृती काढते. तशा चित्राला मी कला म्हणणार नाही, आणि विज्ञानही म्हणणार नाही. मात्र यात दोष रेखाचित्राचा नाही, रिक्सिया बाटलीतून आणण्याच्या सवयीचा आहे. शिक्षकांना विनंती एवढीच: येत्या जुलैत वर्गाला ताज्या मातीवरची एक चकती आणून द्या, चिमटीएवढीच, बाकीची जागेवर राहू द्या. छेद मुलांना घेऊ द्या, वेडावाकडा आला तरी. आणि चित्राखाली ठिकाण आणि तारीख लिहायला लावा: मोहने, अमुक तारीख. तेवढं असलं की ते पान रद्दीत घालायचं नाही, कॉलेजच्या संग्रहात ठेवायचं.