वृद्ध रोगप्रतिकारक पेशी आणि चिरकालिक दाहविकार : एका संकल्पनेचा इतिहास

प्रस्तावना :
वार्धक्यात रोगप्रतिकारक्षमता क्षीण होते, ही विसाव्या शतकातील वैद्यकाची रूढ धारणा होती. वृद्धांमध्ये लस कमी प्रभावी ठरते, न्यूमोनिया त्यांना लवकर गाठतो, हे तिचे पुरावे होत. परंतु आमवातासारख्या चिरकालिक दाहविकारात प्रतिकारक पेशी थकलेल्या नव्हे, तर अनावर झालेल्या दिसतात. या विसंगतीचा उलगडा होण्यास दीर्घ काळ लागला. वस्तुतः तिचे बीज या शास्त्राच्या आद्य संशोधकाच्याच लेखनात होते.

मेचनिकॉव्ह आणि भक्षकपेशी :
रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांनी १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचले, तेव्हा भटक्या पेशी काट्यांभोवती गोळा झाल्या. या भक्षकपेशींवरील कार्यासाठी १९०८ मध्ये त्यांना पॉल एर्लिक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. (१८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेणारे हाफकिन हे ओडेसा येथील त्यांचेच विद्यार्थी.) मात्र १९०३ च्या आपल्या ग्रंथात मेचनिकॉव्ह यांनी अधिक अस्वस्थ करणारे मत मांडले होते. वार्धक्यात याच भक्षकपेशी मेंदूतील पेशींवर व केसांतील रंगद्रव्यावर तुटून पडतात, म्हणजे कुंपणच शेत खाते, असा त्याचा आशय होता. आतड्यातील जिवाणूंच्या विषाला त्यांनी दोषी धरले आणि आंबवलेल्या दुधाचा पुरस्कार केला. पुढे लोकांच्या स्मरणात दही राहिले, पेशींवरील आरोप मात्र विस्मृतीत गेला. तपशिलात ते चुकले असले, तरी त्यांचा प्रश्न योग्य होता.

दुर्बलतेकडून दाहाकडे :
१९६१ मध्ये फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेत लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी मानवी पेशी सुमारे ५० विभाजनांनंतर थांबतात, असे दाखविले. पेशी अमर असतात या तत्कालीन समजुतीला हा धक्का होता. १९६९ मध्ये रॉय वॉलफर्ड यांनी वार्धक्याची प्रतिकारशास्त्रीय उपपत्ती मांडली, तर २००० साली इटलीतील क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी वार्धक्यातील मंद, सततच्या दाहाला स्वतंत्र नाव दिले. विभाजन थांबलेली पेशी निष्क्रिय नसते, ती दाहजनक द्रव्ये स्रवते, हे ज्युडिथ कँपिसी यांच्या गटाने २००८ मध्ये स्पष्ट केले.

या इतिहासातील खरा पेच आमवाताने उभा केला. कॉर्नेलिया वेयांड व यॉर्ग गोरोन्झी यांना रुग्णांच्या रक्तात सीडी२८ हे प्रथिन गमावलेल्या, तरीही दाहजनक द्रव्ये निर्माण करणाऱ्या टी-पेशी आढळल्या. २००० साली त्यांच्या गटाने दाखविले की, रुग्णांच्या टी-पेशींतील गुणसूत्रांची टोके, म्हणजे टेलोमिअर, वयाच्या मानाने अकाली आखूडलेली असतात. दीर्घ दाहामुळेच पेशी म्हाताऱ्या झाल्या, असा आक्षेप येथे स्वाभाविक होता. २००३ च्या अभ्यासाने त्यास बळकट उत्तर दिले : आमवाताशी निगडित जनुक असलेल्या निरोगी व्यक्तींतही हीच झीज दिसली. झीज रोगाआधीच सुरू होत असावी, असे यावरून मानण्यास आधार मिळतो.

२०२१ मध्ये उंदरांच्या केवळ रक्तपेशींतील डीएनए-दुरुस्तीचे एक जनुक काढून टाकले असता इतर अवयवांतही वार्धक्याची लक्षणे उमटली. प्रयोग उंदरांवरचा आहे, हे विसरता येत नाही. आमवाताची प्रचलित जैविक औषधे दाहजनक द्रव्यांना किंवा ती निर्माण करणाऱ्या पेशींना आवर घालतात. पेशींचे अकाली आलेले वय मात्र त्यांच्या कक्षेबाहेरच राहते.