गाडी घाटात का तापते?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बॉनेट उघडं टाकून घाटाच्या मध्यावर उभी असलेली जुनी पिकअप आपण सर्वांनीच पाहिली आहे. ड्रायव्हर ओढ्यावरून कॅन भरून आणतो, सोबतची मंडळी सल्ले देतात आणि 'पाणी संपलं' यावर सगळ्यांचं एकमत होतं. पण ताप येणं हा जसा रोग नव्हे, तसंच पाणी संपणं हेही निदान नव्हे. ते गेलं कुठे आणि का, हे शोधावं लागतं. मी अनेक वर्षं मुलांना मोटार मेकॅनिकचं काम शिकवलं. प्रत्येक तुकडीला पाना हातात देण्याआधी मी इंजिन थंड ठेवण्याच्या युक्त्यांचा इतिहास सांगत असे, कारण प्रत्येक नव्या युक्तीनं जुनं दुखणं घालवलं आणि एक नवं दुखणं आणलं.

अगदी सुरुवातीला पाणी उकळणं हा दोषच नव्हता. कार्ल बेंझ यांच्या तीनचाकी मोटारीत सिलिंडरभोवतीचं पाणी वाफ होऊन उडून जाई आणि जाताना उष्णता घेऊन जाई. १८८८च्या ऑगस्टमध्ये त्यांची पत्नी बेर्टा दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरहून थोडं अधिक. वाटेत तिनं औषधाच्या दुकानातून इंधन विकत घेतलं, ही गोष्ट सगळे सांगतात. पाण्यासाठी मात्र तिला पुन्हापुन्हा थांबावं लागलं, ते फारसं कोणी सांगत नाही.

हा खर्च थांबवला विल्हेल्म मायबाख यांनी. १९००च्या अखेरीस मर्सिडीजसाठी त्यांनी मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. आठ हजारांवर बारीक नळ्या, त्यांतून वारा जायचा आणि नळ्यांमधल्या फटींतून पाणी. सगळं मिळून पाणी लागायचं नऊ लिटर. तेच पाणी फिरत राहू लागलं; पण बारीक वाटा म्हटल्या की त्या तुंबणार, हेही त्याबरोबर आलं.

फोर्डच्या 'मॉडेल टी'नं आणखी एक धडा दिला. १९०८ साली ही गाडी आली. पहिल्या काही हजार गाड्यांनंतर तिचा पाण्याचा पंपच काढून टाकला गेला. गरम पाणी आपोआप वर चढतं, गार खाली उतरतं, त्यावर काम भागायचं. १९२५ साली फोर्डनं कारखान्यातूनच पिकअप विकायला काढली, तीही याच पद्धतीची. यात मेख अशी, की पाण्याची पातळी रेडिएटरच्या वरच्या नळीखाली गेली की फिरणं बंद. टाकीत पाणी असूनही इंजिन तापायचं! आजच्या गाडीत पंप असतो, पण पहिला प्रश्न तोच राहिला: इंजिन गार असताना पातळी किती?

पुढे झाकणावर स्प्रिंग आली आणि आतलं पाणी दाबाखाली राहू लागलं. महाबळेश्वरच्या उंचीवर उघडं पाणी साधारण ९५-९६ अंशांवरच उकळतं. दाबाखाली ते सव्वाशेच्या जवळपास जाईपर्यंत दम धरू शकतं. घाट चढणाऱ्या गाडीला हे वरदानच. पण म्हणूनच तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नये. दाब सुटला की पाण्याची तिथेच वाफ होते आणि ती तोंडावर येते. आणि झाकणाचं रबर कुरतडलं गेलं, की हे वरदान गुपचूप निघून जातं.

एका मे महिन्यात रत्नागिरीकडचे एक बागायतदार माझ्याकडे आले. आंब्याच्या पेट्या भरून कोल्हापूरला निघालं, की त्यांची डिझेल पिकअप साखरप्यापर्यंत शहाण्यासारखी चाले आणि आंबा घाटात उकळे. एका गॅरेजनं 'हेड उतरवावं लागेल' म्हणून सांगितलं होतं. ऐन हंगामात आठ दिवस गाडी उभी करायची, म्हणजे माल झाडाखालीच पिकायचा.

मी म्हटलं, "काका, सकाळी गाडी गार असताना या." झाकण काढून इंजिन सुरू केलं. हेड गॅस्केट फुटलं असेल तर जळलेला वायू पाण्यात शिरतो आणि बुडबुडे येतच राहतात. इथे एकही नव्हता. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नव्हती, धुरालाही गोडसर वास नव्हता. म्हणजे हेडवर आळ घेण्याचं कारण नव्हतं. झाकणाचं रबर मात्र चिरलेलं होतं आणि पाणी चहाच्या रंगाचं. गाडी चांगली तापवून, इंजिन बंद करून मी रेडिएटरवर हात फिरवला. मधला मोठा पट्टा गार लागला. तिथून पाणी जातच नव्हतं.

वर्षानुवर्षं त्यांनी नुसतं विहिरीचं पाणी घातलं होतं. बिडाचं इंजिन त्यात गंजतं आणि तो गंज रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतो. ग्लायकॉलचं कूलंट १९२७पासून अमेरिकेत बाजारात आलं ते थंडीत पाणी गोठू नये म्हणून. त्यामुळे 'आपल्याकडे बर्फ कुठे पडतो?' असं म्हणत आपण ते टाळत आलो. त्यातली गंजरोधक द्रव्यं आपल्याला अधिक कामाची, हे इथे उशिरा पटलं. आता नुसतं कूलंट घातलं की भागलं, असंही नाही. जनरल मोटर्सनं १९९५च्या सुमारास आणलेल्या दीर्घायुषी नारिंगी कूलंटबद्दल अनेक मालकांनी पुढे खटले भरले. आत तपकिरी गाळ साचतो, ही त्यांतली एक मोठी तक्रार. २००८ साली तडजोड झाली. पातळी खाली जाऊन आत हवा शिरणं, हे त्या गाळाचं एक कारण म्हणून पुढे आलं. म्हणजे पुन्हा पातळीच!

काकांचा रेडिएटर तांब्या-पितळेचा होता. शहरातल्या एका जुन्या कारागिरानं टाकीची झाळ सोडवली, नळ्यांतून पातळ पट्ट्या सारून गंज काढला आणि टाकी पुन्हा बसवली. दीड दिवस लागला. झाकण नवं घातलं, इंजिन धुऊन कूलंट भरलं. तिसऱ्या दिवशी पेट्या कोल्हापूरच्या बाजारात होत्या.