किती स्वयंसेवक पुरेत?

गावची यात्रा असो, शाळांच्या तालुका पातळीवरच्या स्पर्धा असोत की गणेशविसर्जनाची मिरवणूक असो, आयोजकांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो : ‘स्वयंसेवक किती लागतील?’ त्याचे उत्तरही बहुधा ठरलेले असते : ‘पन्नास तरी हवेत.’ पन्नासच का, तीस किंवा दीडशे का नाहीत, हे कोणी विचारत नाही. हे पन्नास जण कोठून आणायचे याचेही उत्तर तयार असते : शाळेतून. आर.एस.पी., स्काऊट-गाईड, एन.सी.सी., राष्ट्रीय सेवा योजना, जे हाताशी असेल ते. म्हणून हा प्रश्न शिक्षकांच्या फार जवळचा आहे, असे आम्हांला वाटते. त्याला शास्त्रशुद्ध उत्तर आहे का? आहे. पण ते प्रयोगशाळेत सापडलेले नाही. फुटबॉलच्या मैदानांवर, शेकडो माणसे मेल्यावर, तुकड्यातुकड्यांनी ते हाती आले आहे.

मोजणीपासून सुरुवात

९ मार्च १९४६. महायुद्ध नुकतेच संपले होते आणि लोक करमणुकीला भुकेले होते. इंग्लंडमधील बोल्टन येथे बर्नडेन पार्क मैदानावर बोल्टन आणि स्टोक या संघांचा सामना होता. सुमारे ८५ हजार लोक आत शिरले असावेत असा अंदाज आहे. ‘अंदाज’ म्हणायचे, कारण आत नेमके किती लोक आहेत हे सामना सुरू असताना कोणालाच ठाऊक नव्हते. दारे बंद केल्यावरही लोक कुंपणावरून आणि उघडल्या गेलेल्या एका दारातून येतच राहिले. दाबाने दोन कठडे कोसळले आणि ३३ माणसे मेली.

चौकशी करणाऱ्या मोएल्विन ह्यूज यांनी सुचवले, की मैदानात किती माणसे मावतात हे शास्त्रीय पद्धतीने ठरवावे, प्रत्येक दाराशी यांत्रिक मोजणी व्हावी आणि सगळे आकडे एका जागी जमा व्हावेत. हे व्यवस्थेचे पहिले सूत्र. एकूण माणसे किती हेच माहीत नसेल, तर त्यांच्यासाठी स्वयंसेवक किती हा प्रश्नच निरर्थक ठरतो. अहवाल चांगला होता, पण त्यावर कायदा झाला नाही.

त्यासाठी आणखी एक दुर्घटना घडावी लागली. २ जानेवारी १९७१ रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर सामना संपल्यावर बाहेर पडणाऱ्या लोकांपैकी ६६ जण एका जिन्यावर चिरडून मेले. शेवटच्या क्षणी गोल झाल्यामुळे उतरणारे लोक मागे फिरले आणि समोरासमोर टक्कर झाली, अशी कथा बरीच वर्षे सांगितली जात असे. चौकशीत ती खरी ठरली नाही. सगळे एकाच दिशेने उतरत होते. कोणीतरी पडले आणि मागच्यांचा भार पुढच्यांवर आला, इतकेच घडले. याच जिन्यावर १९६१ साली दोन माणसे मेली होती, त्यानंतरही लोक जखमी झाले होते. म्हणजे धोक्याची जागा आधीच माहीत होती.

आता लॉर्ड व्हीटली यांचा अहवाल आला (१९७२), त्यापाठोपाठ मैदानांच्या सुरक्षिततेची मार्गदर्शक पुस्तिका निघाली (१९७३) आणि कायदा झाला (१९७५). पुस्तिकेच्या मुखपृष्ठाचा रंग हिरवा, म्हणून तिला ‘ग्रीन गाईड’ म्हणतात. पुढे तिच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या आणि इतर देशांनीही तिचा आधार घेतला.

दाराशी माणूस, आणि त्याचे एकच काम

११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्डच्या मैदानावर जुन्या लाकडी गॅलरीखाली साचलेल्या कचऱ्याने पेट घेतला. चारपाच मिनिटांत सारी गॅलरी आगीत वेढली गेली. जे मैदानाकडे धावले ते बहुतेक वाचले. जे मागच्या बाजूला, आलेल्या वाटेने, परत गेले त्यांना दारे बंद आढळली. तेथे ती उघडायला कोणी नव्हते. ५६ माणसे मेली. न्यायमूर्ती पॉपलवेल यांनी शिफारस केली, की लोक आत असेपर्यंत बाहेर जाण्याच्या प्रत्येक दाराशी माणूस हवा आणि दार आतून कोणालाही तत्काळ उघडता आले पाहिजे. येथे स्वयंसेवकांच्या संख्येला पहिल्यांदा पक्का आधार मिळाला : दारे मोजा, माणसे तितकी लागतीलच.

चार वर्षांनी, १५ एप्रिल १९८९ रोजी, शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा सामना होता. या घटनेतले एक गणित वर्गात जरूर करून घ्यावे. उभ्याने सामना पाहणाऱ्या १०,१०० लोकांना सात फिरत्या फाटकांतून आत जायचे होते. एका फाटकातून तासाला सुमारे ६६० माणसे जातात असे धरतात. सात फाटकांतून ४,६२० माणसे. म्हणजे सगळ्यांना आत घ्यायला दोन तासांहून अधिक वेळ हवा. लोक मात्र मुख्यतः शेवटच्या तासात आले. बाहेर जीवघेणा दाब वाढला, तेव्हा पोलिसांनी २ वाजून ५२ मिनिटांनी एक मोठे दार उघडले. सुमारे दोन हजार लोक समोर दिसणाऱ्या बोगद्यातून थेट मधल्या, आधीच भरलेल्या कप्प्यांत गेले. शेजारचे कप्पे तुलनेने मोकळे होते. आदल्या वर्षी मधले कप्पे भरल्यावर बोगद्याच्या तोंडाशी माणसे उभी करून वाट बंद केली गेली होती. १९८९ साली तेथे कोणी नव्हते. या घटनेतल्या बळींची संख्या आज ९७ धरली जाते.

त्या दिवशी मैदानावर पोलीस आणि स्वयंसेवक शेकड्यांनी होते. कमी पडली ती योग्य जागी, योग्य सूचना घेऊन उभी राहिलेली माणसे. न्यायमूर्ती टेलर यांच्या शिफारशींपैकी एक आम्हांला सर्वांत मोलाची वाटते : प्रत्येक कप्प्यासमोर एक माणूस असावा आणि त्या कप्प्यातल्या गर्दीकडे पाहणे हे त्याचे एकमेव काम असावे. त्याने सामना पाहायचा नाही, तिकिटे तपासायची नाहीत, पाहुण्यांना पाणी द्यायचे नाही.

आज २५० प्रेक्षकांमागे एक स्वयंसेवक आणि धोका अधिक असेल तर १०० मागे एक, हे ढोबळ प्रमाण प्रचलित आहे. फिफाच्या नियमांतही ते आढळते. पण ते सुरुवातीचा अंदाज म्हणून वापरायचे असते. खरी संख्या जागा मोजून आणि धोका तोलून ठरवायची असते.

आपल्याकडे

कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर १६ ऑगस्ट १९८० रोजी मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात प्रेक्षकांत मारामारी झाली, पळापळ झाली आणि १६ जण मृत्युमुखी पडले. महाराष्ट्रात फुटबॉलचे असे वेड कोल्हापुरात आहे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठाच्या पेठा तेथे लोटतात. पाच हजार प्रेक्षक एखाद्या मैत्रीपूर्ण सामन्याला आले आणि तितकेच प्रेक्षक दोन कट्टर प्रतिस्पर्धी तालमींच्या अंतिम सामन्याला आले, तर डोकी सारखीच असली तरी धोका सारखा नसतो. प्रमाण बदलावे लागते ते यासाठी.

मात्र महाराष्ट्रातली मोठी मनुष्यहानी मैदानांवर झालेली नाही. ती यात्रांत आणि जिन्यांवर झाली. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभमेळ्यात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद, उताराच्या रस्त्यावर ३९ भाविक गेले. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यातील मांढरदेव येथे काळूबाईच्या यात्रेत अडीचशेहून अधिक माणसे मेली. तेथे चढ होता, वाट अरुंद होती, दोन्ही बाजूंना दुकाने होती, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या आणि पुढे आगही लागली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलाच्या जिन्यावर २३ प्रवासी गेले. आयब्रॉक्सचा जिना आणि हा जिना यांत ४६ वर्षांचे अंतर आहे, पण घडले ते जवळजवळ तेच. अशा अरुंद वाटेवर आणखी शंभर बिल्लेवाले उभे केले असते तर ते शंभर जण गर्दीतच मिळवले गेले असते. स्वयंसेवकही जागा व्यापतो. जागा अपुरी असेल तर माणसे वाढवून ती भरून निघत नाही.

गर्दीत माणूस मरतो कसा?

इंग्रजीत अशा घटनेला ‘स्टँपीड’ म्हणतात. बिथरलेल्या जनावरांच्या पळण्याला तो शब्द आहे आणि त्यात दोष लोकांवर येतो. मराठीतला ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द अधिक अचूक आहे. अशा घटनांत अनेकदा कोणी पळत नसते, पळायला जागाच नसते. छाती चारी बाजूंनी दाबली जाते, फासळ्यांना फुलायला वाव राहत नाही आणि माणूस उभ्या जागी गुदमरतो.

दर चौरस मीटरला दोन माणसे असली तर चालता येते. ग्रीन गाईडने उभ्या प्रेक्षकांसाठी १० चौरस मीटरला ४७ माणसे ही कमाल मर्यादा धरली आहे. जॉन फ्रुइन या अमेरिकी अभियंत्याने दाखवून दिले, की सातच्या आसपास गर्दी जवळजवळ द्रवासारखी वागू लागते. तिच्यात लाटा उठतात आणि माणूस स्वतःच्या इच्छेने हलू शकत नाही. वाकलेल्या लोखंडी कठड्यांवरून ४,५०० न्यूटनपेक्षा जास्त बलाचा अंदाज निघाला आहे. सुमारे ४६० किलो वजन छातीवर ठेवल्यासारखे हे आहे. पुढच्या माणसाला ते सोसावे लागत असताना मागच्याला त्याची जाणीवही नसते. म्हणून वरून किंवा बाजूने पाहणारा, आणि मागच्यांना थांबवू शकणारा माणूस लागतो. स्वयंसेवकाचे खरे काम हे आहे.

शिंदखेड्याच्या मापाने

आता हे गणित आपल्या मापात बसवून पाहू. समजा, शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गावी कुंपणाच्या मैदानावर सामना आहे आणि ४,००० प्रेक्षक येणार आहेत. मुख्य दार ४ मीटर, मागचे दार २ मीटर. सपाट वाटेवर दर मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसे बाहेर पडतात, असे ग्रीन गाईडच्या २००८ च्या आवृत्तीत धरले आहे. (१९९७ च्या आवृत्तीत हा आकडा १०९ होता. तो पुढे कमी केला गेला. जिन्यासाठी ६६ धरतात.) मग ६ × ८२ = ४९२ माणसे मिनिटाला. मैदान रिकामे व्हायला ८ मिनिटांहून किंचित जास्त वेळ लागेल, आणि आठ मिनिटे ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. मागच्या दाराला कुलूप असेल तर हाच वेळ १२ मिनिटांवर जातो. मुख्य दारातली निम्मी रुंदी मोटारसायकली आणि भज्यांच्या गाड्यांनी अडवली असेल तर २४ मिनिटांवर! एका कुलपाची आणि दोन गाड्यांची ही किंमत आहे.

आता स्वयंसेवक. २५० ला एक या प्रमाणाने १६ होतात. जागा मोजू : मुख्य दार ३, मागचे दार २, बाहेरचा रस्ता मोकळा ठेवण्यासाठी २, मैदानाभोवतीच्या दोरीशी ८, पाण्याच्या टाकीशी १, स्त्रिया व मुले बसतात तेथे २, ध्वनिक्षेपकाशी १, प्रथमोपचाराला २, प्रमुख आणि राखीव मिळून ३. बेरीज २४. ‘पन्नास तरी हवेत’ या उत्तरापेक्षा ही संख्या निम्मी आहे, पण तिच्यातल्या प्रत्येकाला आपली जागा आणि आपले काम ठाऊक आहे.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. खान्देशातल्या यात्रांत बारागाड्या ओढल्या जातात, तेव्हा भगताच्या दोन्ही बाजूंना ‘बगले’ असतात. त्यांची जागा ठरलेली, काम ठरलेले. उरतो तो बारागाड्यांच्या दुतर्फा लोटणारा जमाव आणि तापीपलीकडच्या सारंगखेड्याच्या दत्तयात्रेसारख्या ठिकाणची गर्दी. त्यांच्या वाट्यालाही असाच ठरलेल्या कामाचा माणूस यायला हवा.

शिक्षकांनी दोन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. एक, शाळेच्या पटांगणात खडूने एक मीटरचा चौकोन आखून त्यात आधी दोन, मग चार मुले उभी करावी (चारच्या पुढे जाऊ नये), दारांची रुंदी मोजून वरचे गणित आपल्या शाळेसाठी करून घ्यावे. दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. यात्रेसाठी किंवा सभेसाठी मुले मागायला कोणी आले, तर विचारावे : कोणत्या जागेसाठी? काम काय? तेथे किती माणसे येणार, आणि बाहेर पडायला वाट किती मीटर? पाणी देणे, वाट सांगणे, चुकलेल्या मुलांचा निरोप पोचवणे ही कामे मुलांना जरूर द्यावीत. पण दार, जिना, उतार, कठडा, जेथे दाब येऊ शकतो, तेथे चौदा वर्षांचे पोर शिट्टी देऊन उभे करणे म्हणजे चिरडल्या जाणाऱ्यांत आणखी एकाची भर घालणे आहे. तेथे प्रौढ, शिकवून तयार केलेला माणूसच हवा.

या प्रश्नांची उत्तरे आयोजकांपाशी नसतील, तर मुले द्यायला नकार देण्याचा अधिकार शिक्षकाला आहे. तो त्याने वापरावा.