पराभवाचा धनी

अमेरिकेंतील बेसबॉलच्या खेळांत संघाचे डावपेंच ठरविणाऱ्यास ‘मॅनेजर’ म्हणतात. संघ हरूं लागला, कीं पहिली गदा त्याच्यावरच येते. सगळा संघ बदलण्यापेक्षां एक माणूस काढणें मालकांस सोपें पडतें.

१९८८ सालीं बाल्टिमोर ओरिओल्स संघानें हंगामांतील पहिले सहा सामने गमावले. तेवढ्यावरून मॅनेजर कॅल रिपकेन (थोरले) यांस दूर करण्यांत आलें. त्यांचे दोन पुत्र त्याच संघांत खेळत होते. त्यांच्या जागीं फ्रँक रॉबिन्सन यांच्यासारखा नामांकित पुरुष आला. तरीहि संघ आणखी पंधरा सामने ओळीनें हरला.

याच्या उलट फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सचे कॉनी मॅक. १९१४ च्या हंगामानंतर त्यांनीं आपले उत्तमोत्तम खेळाडू विकले किंवा सोडले. १९१६ सालीं संघाचे ११७ पराभव झाले. विजय अवघे ३६. तरी मॅक यांचें आसन ढळलें नाहीं, कारण संघाच्या मालकींत त्यांचा वाटा होता. त्यांस अवधि मिळाला, आणि १९२९ व १९३० सालीं त्यांनींच संघास अजिंक्यपद मिळवून दिलें. १९०१ पासून १९५० पर्यंत, पन्नास हंगाम, ते त्या पदावर राहिले.

एकास सहा पराभव भोंवले, दुसऱ्यास ११७ पचले. शिक्षा दोषावरून ठरली नाहीं. मालकी कोणाची, यावरून ठरली.