हजेरीतली गैरहजेरी

शाळेच्या पटावर दोनच खुणा असतात: हजर आणि गैरहजर. मूल वर्गात बसले आहे, डोळे उघडे आहेत, हातात पेन्सिल आहे आणि तरीही आठ-दहा सेकंद ते तेथे नाही, अशा अवस्थेसाठी हजेरीपुस्तकात रकाना नाही. वैद्यकाने या अवस्थेला दिलेले नाव मात्र हजेरीपुस्तकातलेच आहे. फ्रेंचांनी तिला ‘आब्सांस’ म्हटले, इंग्रजीने तेच ‘ॲबसेन्स’ म्हणून उचलले, अर्थ, गैरहजेरी. लहान मुलांच्या अपस्माराचा हा एक प्रकार. प्रस्तुत लेखात आम्हांला त्याचा इतिहास पाहायचा आहे, आणि तो बीड जिल्ह्यात उभे राहून पाहायचा आहे. त्याची कारणे ओघात येतील.

आरंभ शब्दांपासून करू. फेपरे, मिरगी, आकडी आणि अलीकडचे ‘फिट येणे’ हे आपल्या बोलण्यातले शब्द. यांतला कोणताही शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे एकच चित्र येते: जमिनीवर कोसळलेला देह, वळलेल्या मुठी, तोंडाला फेस, आणि भोवती जमलेली माणसे, त्यांतला कोणी कांदा फोडतो आहे, कोणी नाकाशी चप्पल धरतो आहे. हे शब्द बघणाऱ्यांनी घडवले आहेत; जे दिसले त्याला त्यांनी नाव दिले. जे मूल पडत नाही, ओरडत नाही, नुसते क्षणभर थांबते, त्याच्या वाट्याला यांतला एकही शब्द आला नाही. त्याच्यासाठी आपल्याकडे ‘तंद्री लागली’, ‘शून्यात बघतो’, ‘लक्ष कुठे आहे?’ हे प्रयोग आहेत. त्यांत रोगाचे निदान नाही, स्वभावाचा दोष आहे. इतिहासाचा पहिला पेच इथेच आहे.

संस्कृतातून आलेला ‘अपस्मार’ हा शब्द याहून वेगळ्या वाटेने जातो. अप आणि स्मार, म्हणजे स्मृतीचे दूर जाणे. येथे देहाच्या झटक्यांचा उल्लेखच नाही. जे जाते त्यावरून नाव पडले आहे. चरकसंहितेत निदानस्थानाचा आठवा आणि चिकित्सास्थानाचा दहावा अध्याय अपस्माराला दिलेला आहे. वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक असे चार प्रकार तेथे सांगितले आहेत. चरकाच्या लक्षणात स्मृतिनाश, अंधारात शिरल्यासारखे होणे आणि भयावह अंगचेष्टा ही सारी एकत्र येतात. म्हणजे नाव अंतरंगावरून पडले, तरी लक्षण बांधताना बाहेरचा देह पुन्हा आत आलाच. नुसती स्मृती गेली आणि देह जागच्या जागी शांत राहिला, तर त्याला अपस्मार म्हणावे का, हा प्रश्न त्या चौकटीत उभा राहत नाही.

मुलांसाठी सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात वेगळी योजना आहे. बालकांना पीडणारे नऊ ग्रह तेथे येतात. स्कंद, शकुनी, रेवती, पूतना आदी नावांच्या त्या मालिकेत दुसरे नाव स्कंदापस्मार असे आहे. बेशुद्ध होऊन पुन्हा भानावर येणारे, फेस गाळणारे, हातपाय नाचवणारे मूल तेथे वर्णिले आहे. मोठ्यांच्या अपस्माराला दोषांची उपपत्ती, मुलांच्या अपस्माराला मात्र ग्रहांची, अशी ही विभागणी ध्यानात घेण्याजोगी आहे. ही परंपरा मराठी मुलखाला परकी नव्हती. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानातही बालग्रह आणि अपस्मार यांचे स्वतंत्र अध्याय आहेत. आजचा बीड जिल्हा तेव्हा त्याच यादवांच्या राज्यात होता.

शांत अपस्माराकडे वैद्यांचे लक्ष वळायला अठरावे शतक उजाडावे लागले. स्वित्झर्लंडमधील वैद्य तिसो याने १७७० साली अपस्मारावर ग्रंथ लिहिला. त्यात मोठ्या झटक्यांच्या मधल्या काळात क्षणभर भान हरपणाऱ्या एका मुलीचे वर्णन आहे. पुढे पॅरिसच्या रुग्णालयांत ‘थोरले दुखणे’ आणि ‘धाकटे दुखणे’ अशा अर्थाचे शब्द रूढ झाले, आणि काल्मेय याने १८२४ साली ‘आब्सांस’ हा शब्द वापरला. १९२४ मध्ये इंग्लंडमध्ये ॲडी याने दिवसातून अनेकदा येणाऱ्या, पण पुढे बहुधा बऱ्या होणाऱ्या मुलांच्या या प्रकाराचे स्वतंत्र वर्णन केले. तोवर वैद्याकडे साधन एकच होते, ते म्हणजे पाहणारा डोळा.

आत काय घडते याचा अंदाज १८७३ मध्ये लंडनच्या ह्यूलिंग्ज जॅक्सनने बांधला होता: मेंदूच्या करड्या द्रव्यातून अकस्मात, अतिरेकी आणि वेगाने होणारा विसर्ग म्हणजे अपस्मार. पुरावा यायला अर्धे शतक गेले. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गरने १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून मेंदूतील विद्युत्‌लहरी टिपल्या आणि १९२९ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. १९३५ साली बोस्टनमध्ये गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी या गैरहजेरीच्या क्षणांचा आलेख काढला. त्यात एक अणकुचीदार टोक आणि त्यामागून एक संथ लाट, अशी जोडी सेकंदाला तीन वेळा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी उमटत होती. मूल थांबले की लय सुरू, लय थांबली की मूल पुन्हा हजर. जे केवळ ‘नसणे’ वाटत होते त्याला स्वतःची ठाम आकृती आहे, हे प्रथमच कागदावर दिसले.

ही लय कोठून निघते यावर पुढची अनेक दशके वाद झाला. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात माँट्रियलमध्ये जॅस्पर आणि त्याच्या सहकाऱ्याने मांजराच्या थॅलॅमसला सेकंदाला तीन वेळा विजेचे हलके धक्के दिले, आणि तशीच आकृती कॉर्टेक्सवर, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरावर उमटली. मूळ खोल गाभ्यात आहे, असा त्यावरून निष्कर्ष निघाला. त्याच शहरात ग्लूर याने पुढे दाखवले की अतिउत्तेजित कॉर्टेक्सवाचून नुसता गाभा पुरेसा नाही. २००२ साली अशा अपस्माराचा वारसा असलेल्या उंदरांवरील अभ्यासात झटक्याची सुरुवात कॉर्टेक्समधील तोंडाभोवतीच्या स्पर्शाच्या भागात आढळली. आज बहुतेक अभ्यासक दोहोंच्या मधल्या फेऱ्याला जबाबदार धरतात.

हा फेरा साध्या शब्दांत असा. इंद्रियांकडून येणारा बहुतेक मजकूर थॅलॅमसमधून कॉर्टेक्सकडे जातो. थॅलॅमसभोवती पेशींचा एक पातळ पदर आहे, त्याचे काम आवरण्याचे. या पदराने थॅलॅमसच्या पेशींना फार आवरले की त्यांच्यातील टी प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्या उघडण्यास सज्ज होतात. आवर सैलावताच त्या पेशी एकदम संदेशांचा झोत सोडतात, त्याने कॉर्टेक्स उसळते, कॉर्टेक्स पुन्हा त्या पदराला चेतवते, आणि पदर पुन्हा आवरतो. सेकंदाला तीन फेरे. भजनात सगळ्यांनी शब्द सोडून एकाच ठोक्यावर टाळ धरला तर आवाज वाढतो, पण अभंग ऐकू येत नाही. तसे येथे होते. पेशी मुक्या झालेल्या नसतात, त्या सर्व एकच गोष्ट बोलत असतात, म्हणून मजकूर पुढे जात नाही.

यातली यंत्रणा काही रोगाने नव्याने आणलेली नाही. थॅलॅमसच्या पेशींची ही झोत सोडण्याची रीत निरोगी मेंदूत झोपेच्या वेळी चालते. बाहेरच्या जगाला दार लावून घेण्याचा तो एक मार्ग आहे. अपस्मारात झोपेची ही यंत्रणा बिघडलेल्या रूपात जागेपणी सुरू होते. येथे आम्हांला आंबेजोगाईची आठवण होते. परंपरेप्रमाणे मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे ११८८ साली, ‘विवेकसिंधू’ रचला. त्यांचे स्थान बीड जिल्ह्यातील आंबेजोगाई की विदर्भातील अंभोरे, हा वाद साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. समाधी मात्र आंबेजोगाईस दाखवली जाते. जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुर्या या अवस्थांचा विचार त्या वेदान्तपर ग्रंथात आहे. मुकुंदराजांना थॅलॅमस ठाऊक होता, असली हास्यास्पद गोष्ट आम्हांला सुचवायची नाही. एवढेच म्हणायचे आहे की जाणिवेला पायऱ्या असतात आणि त्यांना वेगवेगळी नावे लागतात, ही समज मराठी ग्रंथरचनेत आरंभापासून आहे. अध्यात्मासाठी जी बारीक परिभाषा आपण सांभाळली, ती वर्गातल्या मुलासाठी मात्र कधी वापरली नाही.

त्या मुलाचा दिवस कसा जातो? हा विकार बहुधा चार ते दहा या वयात सुरू होतो. झटका पाच-दहा सेकंदांचा, क्वचित वीसचा. पण दिवसातून कितीतरी वेळा येतो. तीस झटके, प्रत्येकी दहा सेकंद धरले तर बेरीज पाच मिनिटांची. पाच मिनिटे कोणाला जड वाटणार नाहीत. पण ती तीस जागी विखुरलेली असतात. शुद्धलेखनाच्या प्रत्येक ओळीतला एक शब्द गळतो, पाढ्यातली एक पायरी निसटते, शिक्षकांच्या प्रश्नाचा उत्तरार्ध तेवढा ऐकू येतो. झटका संपला की मूल जणू काही घडलेच नाही असे पुढे चालू लागते, कारण त्याच्या लेखी काही घडलेलेच नसते. मार बसतो तो का, हे त्याला कळत नाही. तंद्रीतले मूल हाक मारली, खांद्याला हात लावला की वळते. झटक्यातले वळत नाही, त्याच्या पापण्या बारीक फडफडतात. डॉक्टर त्याला तीन मिनिटे जोरजोराने श्वास घ्यायला लावतात किंवा भिरभिरे फुंकायला देतात; उपचार न झालेल्या मुलाला त्यात बहुधा झटका येतोच. इतकी स्वस्त परीक्षा वैद्यकात फार थोडी असेल.

म्हणून या रोगाचा पहिला निदानकर्ता शाळामास्तर असतो. आंबेजोगाईत ग्रामीण भागासाठी म्हणून १९७० च्या दशकात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. त्याला ज्यांचे नाव आहे ते स्वामी रामानंद तीर्थ हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते खरे. पण त्याआधी याच गावात, ते मोमिनाबाद म्हणून ओळखले जात असताना, त्यांनी शाळेत शिकवले होते. वैद्यकीय महाविद्यालयाला शिक्षकाचे नाव असणे हा योगायोग आम्हांला अर्थपूर्ण वाटतो.

पण बीडमध्ये शाळेचा पटच अर्ध्या वर्षाचा असतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, त्या पाडव्याच्या आगेमागे परततात. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावी राहतात, बाकीची आईबापांबरोबर जातात. समजा, त्यांतल्या एका मुलीची गैरहजेरी शिक्षिकेने ओळखली आणि गोळ्या सुरू झाल्या. त्या साधारणपणे झटके थांबल्यावरही सुमारे दोन वर्षे, एकही दिवस न चुकवता घ्यायच्या असतात. मधल्या सहा महिन्यांत गाव बदलते, डॉक्टर बदलतो, पहाटेच्या तोडीमुळे झोप मोडते. गोळ्या एकाएकी तुटल्या तर झटके उलटतात, आणि कोपीपुढे चूल पेटलेली असते. दहा सेकंदांची गैरहजेरी तेथे भाजण्याला पुरेशी आहे.

गोळीही कोणती, हे महत्त्वाचे. फिटच्या काही प्रचलित औषधांनी, उदाहरणार्थ कार्बामाझेपिनने, हा प्रकार वाढू शकतो. २०१० साली अमेरिकेत ४५३ मुलांवरील तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला. सोळा आठवड्यांनंतर इथोसक्सिमाइड ५३ टक्के, व्हॅल्प्रोएट ५८ टक्के आणि लॅमोट्रिजिन २९ टक्के मुलांत यशस्वी ठरले. मात्र अवधानावरचा दुष्परिणाम इथोसक्सिमाइडने व्हॅल्प्रोएटपेक्षा कमी झाला. इथोसक्सिमाइड त्याच टी वाहिन्यांवर काम करते असे मानले जाते. याच मुलांच्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली: उपचारांपूर्वीच सुमारे एकतृतीयांश मुलांत अवधानाची उणीव होती. झटके थांबले म्हणजे सारे थांबले असे नाही, आणि मुलाला ‘आता बरा झालास ना?’ असे विचारून मोकळे होता येत नाही.

बरे होणारी मुले पुष्कळ असतात. तरीही घरचे लोक हा रोग लपवतात, विशेषतः मुलीचा. यामागे केवळ अज्ञान आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण या भीतीला कायद्याचा आधार होता. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार येणारा अपस्मार हा विवाहाच्या वैधतेला बाधक ठरवला, तोही वेडेपणाच्या जोडीने, एकाच वाक्यात. १९९९ मध्ये तो शब्द वगळला गेला. म्हणजे तेवीस वर्षे राज्यसंस्थाच सांगत होती की हे लपवण्याजोगे आहे. कायद्यातून शब्द एका दुरुस्तीने जातो. स्थळ पाहायला आलेल्यांच्या मनातून जायला किती दुरुस्त्या लागतील?

आमच्या वाचकांत बहुसंख्य शिक्षक आहेत, म्हणून शेवटी त्यांच्याकडेच वळतो. ग्रंथ, आलेख, औषधे या सगळ्यांच्या आधी एक माणूस लागतो, जो वाक्याच्या मध्येच थांबलेली पेन्सिल पाहतो आणि चिडत नाही. वहीत गळलेल्या शब्दांची जागा शोधणे हे तर आपले रोजचे काम आहे. ती जागा पुन्हा पुन्हा रिकामी दिसू लागली, तर पटावरच्या दोन खुणांच्या मध्ये आणखी काही असू शकते एवढे आठवावे, आणि छडी खाली ठेवून त्या मुलाच्या आईला बोलावून घ्यावे.